सगळ्याला हो

मरोळला, रबरी गास्केटच्या कारखान्यावरचा दुसरा मजला.
रात्रीचे पावणेदोन. खालचा प्रेस बंद,
पण जिन्यात रबराचा वास अजून ड्युटीवर.
टेबलावर झाकण काढलेलं मशीन.
संध्याकाळी सहापासून त्याला मी
दर चाळीस सेकंदांनी झोपवते आणि उठवते,
झोपवते आणि उठवते.

सातशे बारा वेळा शहाण्यासारखं उठलं.
सातशे तेराव्याला पडदा लागला, पंखा फिरला,
घड्याळसुद्धा बरोबर,
फक्त नेटवर्क कार्ड कुठेच नाही.
म्हणजे होतं, जागच्या जागी, स्क्रूने आवळलेलं.

ओवेस मुकादम म्हणाला, लॉग काढ.
लॉगमध्ये ड्रायव्हर कार्डाला विचारतोय:
लिंक आहे? एक.
तार तुटली? एक.
बफर भरला? एक. रिकामा? एक.
बत्तीसच्या बत्तीस जागांवर एक, एक, एक.
वीज न पोचलेलं कार्ड असंच बोलतं, ओवेस म्हणाला,
खाली ओढणारं कुणी नसलं
की तार आपोआप वरच राहते,
आणि आपण समजतो, हो म्हणाली.

झोपवायची रीत मला पाठ आहे.
आधी दार ओढून घ्यायचं, नवं पॅकेट आत नको.
वाटेत निघालेली पोचू द्यायची.
घंटा काढून ठेवायची. रजिस्टरं उतरवून घ्यायची,
कारण उठल्यावर त्याला काही आठवणार नसतं.
मग वीज काढायची, सगळी नाही,
कानापुरती चिमूटभर ठेवायची.
तो कान एकच हाक ओळखतो:
सहा भरलेले बाइट,
आणि मग स्वतःचं नाव, सोळा वेळा.

नायरमध्ये सिस्टर घोन्साल्विसने
किती वेळा मारली असेल?
हेमांगी. ए हेमांगी. डोळे उघड बाय.
आवाज ऐकू येत होता, पण तो कुणाला आहे ते
अजून ठरलं नव्हतं.
पायाशी विद्याधरदादा. त्याला घाई.
दुखतंय का? हो.
म्हणजे फार नाही ना दुखत? हो.
मला ओळखलंस? हो.
आईची परळची खोली काढून टाकू या ना गं? हो.

सिस्टर ओरडली त्याच्यावर,
आता काही विचारू नका तिला,
आधी तिची ती जागी होऊ दे.
पण त्याला उत्तर मिळालं होतं.
वर्ष झालं, अजून सांगतो सगळ्यांना,
तीच म्हणाली, स्वतःच्या तोंडाने.

बग सापडला अडीचला. अगदी साधा.
दर दोन सेकंदांनी लिंकची विचारपूस करणारा एक टायमर,
कार्ड झोपलंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
सातशे बारा वेळा नशिबाने चुकला,
सातशे तेराव्याला नेमका
वीज यायच्या आधी येऊन उशाशी बसला.

मी चार ओळी हलवल्या.
झोपवताना त्याला आधी थांबवायचं,
आणि तो थांबेपर्यंत आपणही थांबायचं.
उठवताना वीज, मग आठवण, मग घंटा,
विचारपूस सगळ्यात शेवटी.
एक ओळ नवी घातली:
सगळेच एक आले, तर ते उत्तर धरू नये.
ओवेस म्हणाला, ही बरी आहे, आणि टेबलावर डोकं ठेवून झोपला.

आता सकाळचे अकरा. खाली प्रेस सुरू झालाय,
जमीन हलते, कपातला चहा हलतो.
सातशे तेरा मघाशीच उलटून गेलं.
फोनवर दादा: गिऱ्हाईक आलंय,
सहीला येतेस ना? हो ना?

मी पोर्टच्या दिव्याकडे बघतेय.
उठल्यावर तो आधी केशरी असतो.
दोन्ही टोकं एकमेकांना आपापला वेग सांगत असतात.
जुळेपर्यंत दोन-तीन सेकंद लागतात,
तेवढ्यात कुणी काही पाठवायचं नसतं.